शंभर वॉटची तूट

दोन ग्राफिक्स कार्डांच्या कॉम्प्युटरला पॉवर सप्लाय निवडताना पक्कड कुणाच्या बापाचं ऐकत नसे. कोणत्या भागाला किती वॉट लागतात त्याची बेरीज करायची, वर चांगला पाव हिस्सा चढवायचा, आणि गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी त्याखाली उतरायचं नाही. "घरात खाणारी चार तोंडं आणि स्वयंपाक दोघांचा, असं करून भागतं का?" असं तो विचारायचा. लहानपणी दिसेल ते उघडून बसायचा, म्हणून घरच्यांनी त्याला पक्कड हे नाव ठेवलं होतं. आता दुकानाच्या पाटीवरही तेच होतं.

हा नियम त्याने एकदाच मोडला, तोही सख्ख्या बहिणीसाठी.

ताई बांधकाम सुरू होण्याआधीच इमारतींची चालती-बोलती चित्रं कॉम्प्युटरवर करून द्यायची. नोकरी सोडून घरी सुरू केलेलं हे काम, त्यात पहिलीच मोठी ऑर्डर, एका रुग्णालयाची. आणि ऐन वेळी तिचा पॉवर सप्लाय जळाला. पक्कडने बेरीज केली: दोन कार्डं, प्रोसेसर आणि बाकीचं किडूकमिडूक मिळून आठशेवीस वॉट. म्हणजे हजाराच्या वरचाच हवा, आणि तो यायला आठवडा लागणार होता.

"आठवडा?" ताई फोनवर जवळजवळ ओरडली. "अरे, हे काम हातचं गेलं तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही!"

आईच्या माघारी ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. दुकानाच्या फळीवर साडेसहाशेचा एक जुना सप्लाय पडून होता. एका बंद घरातलं सामान मोडीत निघालं, त्यात तो आला होता. चालणारी वस्तू टाकायची नाही, ही पक्कडची जुनी खोड. त्याने तो नेऊन बसवला. दुकानात तो प्रत्येक मशीन भिंतीच्या प्लगला मीटर लावून तपासायचा. इथे घाईत तेवढं राहून गेलं.

"एका वेळी एकच कार्ड चालव," त्याने बजावलं. "दोन्ही लावलीस की हा मान टाकेल."

आठवड्याने तो नवा सप्लाय घेऊन गेला. बाहेर अंगाची लाही होत होती. ताईच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि ती स्वेटर घालून बसली होती. चेहरा पार उतरलेला. पडद्यावर रुग्णालयाचा लांबलचक व्हरांडा सरकत होता.

"दोन्ही कार्डं चालू आहेत?" पक्कडने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. उगाच घाबरवलंस मला. एकदाही बंद पडला नाही बिचारा." तिने हात स्वेटरच्या बाह्यांत ओढले. "तेवढा पंखा बंद कर ना, गार लागतंय."

पक्कडने वर पाहिलं. पंखा बंदच होता.

"ताप आहे का तुला?"

"नाही रे. दमले असेन."

त्याने सप्लायला हात लावून पाहिला. एवढ्या ओझ्याखाली चटका बसायला हवा होता. तो नुसता कोमट होता. ताईला मशीन बंद करायला सांगून त्याने प्लगवर मीटर चढवला आणि दोन्ही कार्डं पुन्हा कामाला लावली. मशीनच्या आतली बेरीज पडद्यावर दिसत होती: आठशेवीस. भिंतीतून येणारी वीज त्याहून जास्तच दिसायला हवी. थोडी वाटेत वाया जातेच.

मीटर सातशेवीस दाखवत होता.

मीटर बिघडला असेल म्हणून त्याने तो टेबलावरच्या दिव्याला लावून पाहिला. मीटर ठणठणीत होता. पुन्हा मशीनला लावला. सातशेवीस. शंभर वॉट कमी, आणि मशीन मात्र पोटभर जेवल्यासारखं चाललेलं.

खोली तापते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की पक्कड एक ठरलेला विनोद करायचा: "मशीनला कशाला बोल लावता? माणूस नुसता बसून राहिला तरी शंभर वॉटच्या दिव्याइतका तापतो!" तो विनोद आता त्याला आठवला आणि त्याने वळून ताईच्या स्वेटरकडे पाहिलं.

"ताई, जरा बाहेर जाऊन बस."

"का रे?"

"जा म्हणतो ना!"

ती भिंतीचा आधार घेत उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पक्कड मीटरकडे बघत राहिला. आकडा हलला नाही.

थोड्या वेळाने त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली.

त्याने मशीन बंद केलं. प्लग उपटला.

सप्लायचा पंखा फिरतच होता. हळू, मध्येच थांबून, पुन्हा.

नवा सप्लाय त्याने बसवला. आता भिंतीचा आकडा आतल्या बेरजेहून थोडा जास्त आला, जसा यायला हवा तसा. ताई परत आली, खुर्चीत टेकली आणि तिने स्वेटर काढून भिरकावला.

"केवढं उकडतंय रे!" ती म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता. पक्कडला रडूच फुटायचं राहिलं.

जुना सप्लाय त्याने कापडी पिशवीत घातला. रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकला तर कुणीतरी उचलून नेईल, आणि चालतोय म्हटल्यावर कुठेतरी बसवेलही. घरी नेऊन हातोड्याने त्याचे तुकडेच करायचे, असं त्याने ठरवलं.

घरी आल्यावर पिशवी सोफ्यावर ठेवून तो मागच्या खोलीत हातोडा शोधायला गेला. खिळ्यांच्या डब्याखाली तो सापडला. बाहेर आला तेव्हा त्याची मुलगी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी कवटाळून.

"बाबा, यात मांजराचं पिल्लू आहे ना?"

"का गं?"

"उबदार आहे. आणि श्वास घेतंय."

त्याने पिशवी हिसकावून घेतली. तिची बोटं त्याच्या हाताला लागली, फरशीसारखी गार. ती रडली नाही, पाय पोटाशी घेऊन तशीच बसून राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "पंखा बंद करा ना."

पंखा कुणी लावलाच नव्हता.