बिनचेहऱ्याचा माणूस

तळ्यावरच्या धुक्यातून एक होडी हळूच बाहेर आली आणि नुआलाच्या हातातली छत्री धक्क्यावर पडली.

"घाबरलात?" होडीतल्या माणसाने विचारलं.

"छे… भुतांच्या गोष्टी लिहून पोट भरते मी. तुम्ही भूत आहात का?"

"अजून तरी नाही. पण लीट्रिमचा पाऊस असाच राहिला तर सांगता येत नाही."

त्याचं नाव फिंटन मल्वी. आडनाव ऐकून ती चपापली. ब्रीद मल्वी या लेखिकेच्या भयकथांवर ती टीव्हीसाठी मालिका लिहीत होती आणि डब्लिनहून आयर्लंडच्या या लीट्रिम परगण्यात चित्रीकरणासाठी जागा बघायला आली होती. ब्रीदबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. हा त्यांचा मुलगा.

"आईच्या गोष्टींचं काय करणार आहात?"

"वाटोळं करणार नाही, एवढंच सांगते."

"सगळे असंच म्हणतात," तो हसला. हसताना त्याची मान किंचित झुकली… आणि नुआलाला परतीची बस आठवली नाही.

मग ती येतच राहिली. कधी तळ्याची खोली विचारायला, कधी काहीच न विचारायला. त्याच्या स्वयंपाकघरात चुलीचा ओलसर धूर असायचा, कडक चहा असायचा. दोघांमधलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"तुझ्या मालिकेत प्रेम आहे, की नुसतीच प्रेतं?" तो चिडवायचा.

"शेवटच्या भागात दोन्ही आहे."

शेवटच्या गोष्टीत बुडालेला नवरा तळ्यातून येऊन बायकोच्या दारावर थाप मारतो आणि ती दार उघडते. त्याचा चेहरा मात्र ब्रीदबाईंनी कुठेच वर्णिला नव्हता.

"तो चेहरा दाखवू नकोस, नुआला," फिंटन एकदा म्हणाला.

"का?"

त्याने खिडकीबाहेर तळ्याकडे बोट दाखवलं. "बाबा या तळ्यात गेले तेव्हा मी फार लहान होतो. आईने त्यांचे सगळे फोटो जाळले. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. तिथे नुसती रिकामी जागा आहे… पण ती त्यांची आहे. तिथे एखादा नट येऊन बसला, तर मग तो उठायचा नाही."

तिने त्याचा हात हातात घेतला. "नाही दाखवणार."

असा शब्द देणं तिच्या हातात नव्हतं. निर्माता डेक्लन म्हणाला, "सगळा भाग त्या दारासाठी थांबायचं, आणि दारात चेहराच नाही? लोक शिव्या घालतील." ती भांडली, रडली, शेवटी म्हणाली, मी सोडून जाईन. "जा," तो म्हणाला. पटकथा दुसऱ्याकडे गेली.

हे सांगायला ती लीट्रिमला आली. फिंटनने ऐकून घेतलं.

"म्हणजे चेहरा दिसणार."

"हो… मी माझं नाव काढून घेतलंय."

"त्याने काय होणार?"

"काहीच नाही."

"मग जा, नुआला."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

ती रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसची वाट बघत बसली. पाऊस कोटातून आत झिरपत होता. थोड्या वेळाने फिंटन आला, कोट न घालताच, आणि शेजारी बसला.

"मालिका लागेल तेव्हा सगळं गाव बघेल," तो म्हणाला. "दुकानात लोक मला सांगतील, तुझे बाबा किती छान दिसत होते."

"हो."

"तेव्हा मला कुणीतरी सोबत लागेल."

"कुणीतरी?"

"तू… तू लागशील. आवडतेस तू मला. पण रागही आलाय. तो इतक्यात जाईलसं वाटत नाही."

"असू दे," ती म्हणाली. "आवडतोस म्हणूनच तर भांडले मी. जिंकता आलं नाही."

बस येऊन थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं. "चढताय ना, बाई? पाऊस आत येतोय."

फिंटन 'थांब' म्हणाला नाही. ओल्या गवताकडे बघत राहिला.

"आज नको," नुआला म्हणाली.

घराकडे जाताना तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पण लांब ढांगांचा तो माणूस पावलं मात्र तिच्या चालीने टाकत होता.