बिनभाड्याचा सोमवार

लोरेन क्रॅबट्री पोस्टात गेली ती फक्त तिकिटं घ्यायला. नाताळाचा आठवडा होता, आणि या गावी नाताळाचे दोन आठवडे नगरपालिकेच्या घरांना भाडं माफ असतं. एरवी दर सोमवारी भाडं भरायला याच पोस्टात भाड्याचं कार्ड घेऊन रांगेत उभं राहावं लागे. आज ती कटकट नव्हती, म्हणून बाई जरा खुशीत होती.

काउंटरवरची ग्लेनिस तिला बघून हसली.

"आज दोघी मायलेकींच्या दोन फेऱ्या? तुझी आई नऊलाच येऊन गेली की, भाडं भरून."

लोरेनने दचकून विचारलं, "कोण आई?"

"कोण आई म्हणे! मी म्हटलं, हिल्डा, या आठवड्यात भाडं नाही गं. तर म्हणाली, एक हप्ता पुढे असलेलं बरं. नेहमीचंच तिचं. गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही म्हणायचीस, पण आज बरे दिसले हं." ग्लेनिसचा आवाज उतरला. "तुझं विचारलं, तर नुसती मान हलवली तिने. भांडलात का काय गं?"

लोरेनने पाकीट उघडलं. भाड्याचं कार्ड जागेवर नव्हतं.

तिकिटं तिथंच राहिली. ती घराकडे पळत सुटली. पळताना एकच गोष्ट डोक्यात होती: हिल्डा ऑक्टोबरच्या चौदा तारखेला वारली होती. मावशीकडे ब्लॅकपूलला गेली, तिथेच झोपेत गेली, तिथेच तिला अग्नी दिला. इथे लोरेनने कुणाला म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घर गेलं असतं. घर आधी बापाच्या नावावर होतं, त्याच्यामागे आईच्या नावावर झालं. नियमाने भाडेकरूचा वारसा एकदाच चालतो, तो आईने वापरून टाकला होता. चोपन्न वर्षं त्या घरात काढलेल्या बाईने जायचं कुठे? झाकली मूठ ठेवायची, आईच्या कार्डावर भाडं भरत राहायचं, आणि नगरपालिकेच्या मिस्टर ओसेईंचा फोन आला की आईच्या खरखरीत आवाजात बोलायचं. आवाज तिला इतका छान जमला होता की तिला स्वतःचंच कौतुक वाटे. लबाडी अंगवळणी पडली की तिची लाज वाटत नाही, हेच खरं.

लिफ्टने नवव्या मजल्यावर यायला आज फार वेळ लागला. दार उघडताच निलगिरीच्या मलमाचा वास आला. आई गुडघ्यांना चोळायची तोच. डबी तर लोरेनने कधीच फेकून दिली होती.

घड्याळाखाली कार्ड होतं. शेजारी आजची पावती, चौघडी घातलेली, कडा नखाने दाबलेल्या. आईच्या हातची घडी.

दारात टपालही पडलं होतं. नगरपालिकेच्या पाकिटावर नाव होतं मिसेस हिल्डा क्रॅबट्री. लोरेनने ते उभ्यानेच फोडलं.

'आपली कन्या लोरेन हिच्या निधनाचं वृत्त आपण समक्ष येऊन कळवलंत. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. चौदा ऑक्टोबरपासून घरात आपण एकट्याच राहता, तेव्हा नियमाप्रमाणे आपला घरपट्टीचा चौथा हिस्सा कमी करत आहोत.'

तिने पत्र पुन्हा वाचलं, मग मोठ्याने वाचलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबली.

बस्स झालं. गेलं घर तर गेलं, निदान नाव तरी आपलं राहू दे. तिने फोन लावला.

"मिस्टर ओसेई, मी... मी लोरेन बोलतेय. आई गेली. मीच इतके दिवस..."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मिसेस क्रॅबट्री," ओसेई फार हळू बोलले, "तुमचा आवाज मी ओळखतो हो. पोटची पोर गेल्यावर माणसाला असं होतं..."

"अहो, मी लोरेन! जिवंत आहे मी!"

ओरडताना तिने गळ्यात आपला आवाज शोधला. जुना, लहानपणापासूनचा. तो सापडेना. खोकून पाहिलं, पुन्हा बोलून पाहिलं. बाहेर आला तो तोच खरखरीत आवाज.

"बरं बरं, शांत व्हा," ओसेई म्हणाले. "एकट्या नाही आहात ना?"

"घरात कुणी नाही..."

"मग आत्ता मागून कोण बोललं? 'आई, चहा झालाय' म्हणून... बाईचा आवाज होता. कुणीतरी आहे सोबतीला, बरं वाटलं. घराची काळजी करू नका. घर तुमचंच आहे."

फोन ठेवला गेला. लोरेनने काही ऐकलं नव्हतं. पण स्वयंपाकघरात विजेच्या किटलीचं बटण खट्कन पडलं.

ती भिंतीला धरून आत गेली. तिथे कुणी नव्हतं. ओट्यावर आईचा कप वाफाळत होता, आणि त्यात आई घालायची तशा साखरेच्या तीन वड्या अजून विरघळत होत्या. लोरेनने जन्मात कधी गोड चहा घेतला नव्हता, तिला त्याची शिसारीच यायची.

गुडघे एकाएकी फार दुखायला लागले. ती खुर्चीवर बसली, कप उचलला आणि घोट घेतला.

गोडी अगदी तिला लागते तेवढीच होती.