दुधी काचेवरचा सुलटा माणूस

या घटनेतला एक शब्दही खोटा नाही.

राजशेखरने स्वतः शपथेवर सांगितलंय. तो लातूरचा फोटोग्राफर. पासपोर्टच्या फोटोत लोकांना दोन हात गोरं करणं सोडलं, तर खोटेपणा त्याच्या अंगात नाही.

तारीख एकतीस मे, गेल्या वर्षीची. ठिकाण चाकूर, तिथल्या एका शाळेचं पटांगण. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तेव्हाच्या अध्यक्षांचे चिरंजीव आता अध्यक्ष आहेत.

अशा गोष्टीला अमावास्येची रात्र लागते, हे मान्य. पण ही घडली दुपारी पाऊण वाजता, त्रेचाळीस अंशांत. असल्या उन्हात बाहेर पडायचं तर भुतालाही तसंच कारण लागतं.

या भुताला कारण होतं.

राजशेखरचे वडील वीरण्णा हे चाकूरचे फोटोग्राफर. तालुक्यातल्या शाळांचे ग्रुप फोटो तेच काढायचे. तीन पायांवर उभा भला थोरला लाकडी कॅमेरा, मागे काळं कापड, आणि कापडात कमरेपर्यंत शिरलेले वीरण्णा. ते वारले तेव्हा वारशाने राजशेखरकडे दोन गोष्टी आल्या. एक तो कॅमेरा. दुसऱ्या साखराबाई.

साखराबाई साठी उलटलेल्या. त्यांचे वडील त्या शाळेत शिपाई होते. नाव साहेबराव, काम खुर्च्या उचलायचं.

त्या पिढीत निम्म्या तालुक्याचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना हेडमास्तर तीच तारीख टाकायचे; आईबापांनाही आठवायला बरी. त्यामुळे दर एकतीस मेला कुणीतरी निवृत्त व्हायचं. पटांगणात कडुलिंबाखाली सात खुर्च्या लागायच्या. निवृत्त होणारा मधल्या खुर्चीत. खुर्च्या मांडायचे साहेबराव, आणि मांडून झाल्या की फोटोच्या बाहेर सरकायचे.

सत्त्याऐंशी साली त्यांची पाळी आली. धुवट धोतर, नवी टोपी, सदऱ्याला कोपरावर ठिगळ. मधल्या खुर्चीत बसले. वीरण्णांनी कापडात शिरून काचेवर चित्र जुळवलं.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आले.

"साहेबराव, जरा उठा," असं वीरण्णाच म्हणाले. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

साहेबराव उठले आणि सवयीने कडेला गेले. जरा जास्तच कडेला. फोटोखाली नावं छापली त्यात 'साहेबराव, निवृत्त' असं ठळक आलं. फोटोत उजव्या कडेला आलं फक्त एक कोपर. ठिगळासकट.

त्याच पावसाळ्यात साहेबराव वारले. त्यांचा दुसरा फोटो या जगात नाही.

"अकितीला पित्रांना पानी देतो, राजूआप्पा," अक्षय तृतीया आली की साखराबाई स्टुडिओच्या पायरीवर बसून सांगायच्या. "समद्याइच्या घरी फोटो हाय. आमच्या घरी पाटावर सुपारी. नातू इचारून राहिला, आजे, पंजोबा लई बारीक व्हते का?"

"मावशी, कॉम्प्युटरवर चेहरा तयार करून देतो. हुबेहूब."

"हुबेहूब कोनासारका? तुमी पाह्यलं का त्यान्ला?"

"नाही."

"मंग? दुसऱ्याच्या बापाला पानी पाजू व्हय मी?"

वीरण्णा साखराबाईंना मरेपर्यंत सांगत आले होते की, मूळ निगेटिव्हमध्ये माणूस पूर्ण असेल, शोधतो. शेवटच्या आजारपणात ते फारसं बोलले नाहीत. एकदाच डोळे उघडून म्हणाले, "खुर्ची राहिली." घरच्यांना वाटलं, बसायला मागतात. उशी दिली.

राजशेखरने माळा उपसला. निगेटिव्ह सापडली नाही. कॅमेरा सापडला.

चाकूरमध्ये सगळ्यांचं एकमत होतं की कॅमेरा निजामाचा आहे. आमच्याकडे जुनी वस्तू एक तर निजामाची असते, नाहीतर चोरीची. खात्री करायला राजशेखर तो गाडीत घालून नांदेडला दत्तोपंतांकडे घेऊन गेला. दत्तोपंत हे फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. घरात बंद पडलेली यंत्रं आणि चालू असलेली पत्नी. दोघांपुढे ते सारखेच नम्र.

त्यांनी पितळी पाटी चिंचेने घासली. भिंग लावून वाचली.

"कलकत्त्याचं दुकान. लाकूड सागवान, घड्यांचा भाता बकरीच्या कातड्याचा, लेन्स तेवढी विलायती."

"म्हणजे निजामाचा नाही, सर?"

"निजामाने शाळांचे ग्रुप फोटो काढले असतील, तर आहे."

दोन महिने काम चाललं. लाकडाला जवसाचं तेल पाजलं. भात्यात दिवा सोडून खोलीत अंधार केला, तर भात्यावर चांदणं पडलं. सतरा भोकं. ती छत्रीच्या कापडाने बुजवली. समोरचं चित्र जिच्यावर उमटतं ती मागची दुधी काच फुटली होती. दत्तोपंतांनी नवी काच तीन दिवस घासून दुधी केली. फोटोचं माप निघालं बारा बाय दहा इंच.

"या मापाची फिल्म आता फक्त हाडांसाठी मिळते," ते म्हणाले. लातूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडून एक्स-रे फिल्मचा जुना डबा आला.

काच बसवली त्या दिवशी दत्तोपंत कापडात शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"अहो राजशेखर... काचेला डाव्या कडेला डाग आहे का?"

"आत्ताच पुसली, सर."

दत्तोपंतांनी पुन्हा पुसली. पुन्हा आत गेले.

"अजून आहे. आणि... उभा आहे."

"म्हणजे?"

"या काचेवर सगळं उलटं दिसतं. झाड उलटं, गच्ची उलटी. हा डाग सुलटा आहे. काचेवर सुलटं दिसायचं, तर ती वस्तू समोर उलटी टांगलेली पाहिजे." ते बाहेर आले, चष्मा पुसला. "लेन्सचा दोष असेल."

मग त्यांनी एक साधा उपाय सांगितला. कॅमेरा त्याच पटांगणात, त्याच जागी लावायचा. काचेवर कडेपर्यंत किती मावतं ते बघायचं. त्या जागेवरचा माणूस मावत असेल, तर निगेटिव्ह शोधण्यात अर्थ आहे. मावत नसेल, तर त्या बाईला एकदाचं खरं सांगून टाकायचं. जुन्या फोटोत व्हरांड्यातल्या घड्याळात पाऊण वाजला होता, आणि सावली जुळवायला तारीखही तीच हवी होती.

म्हणून एकतीस मे.

शाळेला सुट्टी. आताचा शिपाई गुरुलिंग याने फाटक उघडलं, लिंबाखाली सात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि तो जेवायला गेला. साखराबाई हट्टाने आल्या होत्या. व्हरांड्याच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसल्या.

लिंबावर होला पक्षी घुमत होता. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती.

राजशेखर कापडात शिरला.

काचेवर वर जमीन, खाली आभाळ. सात खुर्च्या वटवाघळांसारख्या लोंबकळत होत्या. काच कडेपर्यंत स्वच्छ...

नाही.

डाव्या कडेला, म्हणजे फोटोतल्या उजव्या, कुणीतरी उभं होतं.

सुलटं.

तो बाहेर आला. सात खुर्च्या. रिकाम्या. ऊन.

साखराबाई पायरीवरच.

गिरणी बंद झाली होती.

डोळ्यांत घाम गेला असेल, असं म्हणून तो पुन्हा आत गेला.

तो माणूस आता कडेच्या खुर्चीजवळ होता...

भुताचे पाय उलटे असतात, इथवर राजशेखरची लहानपणापासून तयारी होती. पण त्याला दत्तोपंतांचा नियम आठवला. काचेवर सुलटं, म्हणजे समोर... डोकं खाली, पाय वर लिंबात.

बाहेर येऊन वर बघायचं त्याचं धाडस झालं नाही. तो कापडातच राहिला.

खर्र...

खुर्चीचा पाय मुरमावर घासल्याचा आवाज.

होल्याचं घुमणं थांबलं.

माणूस मधल्या खुर्चीपाशी आला होता. टोपी दिसत होती. धोतर दिसत होतं. चेहरा मात्र काही केल्या जुळेना, कितीही भाता मागेपुढे केला तरी. बाकी सगळं लख्ख. उजव्या कोपरावरचं ठिगळसुद्धा.

ते कोपर राजशेखरने ओळखलं. जन्मभर भिंतीवरच्या त्या फोटोत पाहिलं होतं.

माणूस बसत नव्हता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होता. ऑफिसात साहेबाने सांगेपर्यंत शिपाई उभा राहतो, तसा.

ज्या घराने उठवलं, त्याच घराने बसवायला हवं, एवढं राजशेखरला कळलं.

"साहेबराव..." तो कापडातून म्हणाला. "बसा."

काचेवरचा माणूस सावकाश फिरला. पाय वर गेले, डोकं खाली आलं. बाकी जगासारखा उलटा झाला. म्हणजेच नीट झाला.

आणि बसला.

करकर्र... समोर प्लास्टिक वाजलं.

आता फिल्म घालायची, म्हणजे लेन्सला झाकण, काच बाजूला. काही दिसणार नव्हतं. राजशेखरने फिल्मची पेटी बसवली, फिल्म झाकणारी पट्टी ओढली, आणि कापडातून बाहेर येऊन लेन्सच्या झाकणाला हात लावला.

समोर सात खुर्च्या. रिकाम्या.

"हलू नका," तो म्हणाला.

झाकण काढलं. एक... दोन... तीन. झाकण लावलं.

होला पुन्हा घुमायला लागला.

"कोनाला बसा म्हनून राहिले, राजूआप्पा?" पायरीवरून साखराबाई.

"कुणाला नाही, मावशी."

"आवाज वीरण्णाआप्पावानी आला."

लातूरला येऊन त्याने लाल दिव्यात फिल्म धुतली आणि तिच्यावरून फोटो छापला. बारा बाय दहा, कडेपर्यंत स्वच्छ. लिंब, व्हरांडा, सात खुर्च्या.

माणूस नाही.

पण प्लास्टिकच्या खुर्चीत कुणी बसलं की तिचे मागचे पाय फाकतात. सातांपैकी मधल्या खुर्चीचे फाकले होते.

साखराबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. राजशेखर माफी मागायच्या बेतात होता.

"असाच बसायचा बाप," त्या म्हणाल्या. "जरा म्होरं. काठावर. कोनी उठ म्हनंल म्हनून."

फोटो पदरात गुंडाळून त्या गेल्या. पाटावर आता तोच असतो. सुपारी बंद झाली.

त्या संध्याकाळी राजशेखरचं लक्ष स्टुडिओतल्या जुन्या फोटोकडे गेलं. सत्त्याऐंशीचा. अध्यक्ष मधोमध. उजव्या कडेला नुसती शाळेची भिंत.

कोपर नव्हतं.

"फ्रेम मीच बदलून आणली ना दिवाळीत," त्याची बायको सुकन्या आतून म्हणाली. "पुठ्ठ्याखाली अर्धा इंच गेलं असंल. खिळे काढा, बघा."

चार खिळे आहेत. काढले की कळेल. वर्ष झालं, राजशेखरने ते काढलेले नाहीत. स्टुडिओत बसतो तो त्या भिंतीकडे पाठ करून.

ती खुर्ची तरी बघावी, म्हणून त्याने गुरुलिंगला फोन लावला होता.

"मधली व्हय, सर? तिचा पाय आधीपासूनच तडकलेला होता," गुरुलिंग म्हणाला. "भंगारात दिली."