सात वाजताची काच

संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं झाली असताना चिमणीने पाहिलं, की तिच्या प्रयोगशाळेतला सगळ्यांत गंभीर माणूस टीव्हीच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभा आहे, आणि वहीत भराभर काहीतरी लिहितोय.

ती थबकलीच. पाऊस भुरभुरत होता, छत्री उघडावी की नाही असा. काचेआड अकरा टीव्ही होते आणि अकराही टीव्हींवर निळ्या कपड्यांतली एकच बाई जिना उतरत होती. आवाज नव्हता. चिमणीला त्याची गरजही नव्हती. ‘सात दारांचं घर’, भाग तीनशे चौऱ्याऐंशी! सातला ही मालिका लागायची तेव्हा चिमणी रस्त्यात असायची. मग साडेआठला तोच भाग पुन्हा दाखवायचे, आणि त्या अर्ध्या तासात घराला आग लागली तरी ती ब्रेक होईपर्यंत उठली नसती. तिचे निवृत्त वडील त्याच वेळी चष्मा शोधत खोलीत यायचे आणि भाग संपेपर्यंत शोधत राहायचे. चष्मा नाकावरच असायचा.

पण हा माणूस? हा इथे काय करतोय?

शहरातल्या नळांचं पाणी जिथे तपासलं जातं, त्या प्रयोगशाळेत दोघं कामाला होते. तो तपासणारा, ती पडताळणारी. प्रत्येक अहवालावर दोन सह्या लागत. दुसरी सही नसली, तर तो नुसता कागद. दोन वर्षं तो तिच्या टेबलावर अहवाल ठेवत होता, ती सह्या करत होती, आणि त्यापलीकडे दोघांत ‘पेन आहे का’ इतकंच बोलणं झालं होतं. ऑफिसातल्या कारकुनाने त्याचं नाव ठेवलं होतं डिस्टिल्ड. रंग नाही, गंध नाही, चव नाही. तिला चिमणी म्हणायची अक्कलही कारकुनाचीच, कारण तिची चिवचिव बंद होत नसे.

“काय हो... तुम्ही इथे?”

तो दचकला. वही फटकन मिटली. “मी... टीव्ही बघत होतो. म्हणजे — घ्यायला. टीव्ही घ्यायचाय.”

“अकराच्या अकरा?”

त्याचे कान लाल झाले. डिस्टिल्डला रंग असतो, हे चिमणीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वहीत बोट अडकलं होतं तिथून तिने डोकावून वाचलं — ‘निळी (मोठी सून?). हसते. दार क्र. ३. म्हातारा घाबरतो.’

“ही मोठी सून नाही,” न राहवून ती म्हणाली. “सुनेची जुळी बहीण. खरी सून तळघरात कोंडलीय.”

त्याने पेनचं टोपण काढलं. “कधीपासून?”

“चार महिने झाले.”

त्याने ते लिहून घेतलं. मग पेन खिशाला लावत, नजर चुकवत, एकेक शब्द मोजल्यासारखा तो सांगायला लागला. त्याच्या आईच्या डोळ्यातल्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. दिवसभर पालथं झोपायचं, मान वर करायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

“टीव्ही ऐकते ती. पण ह्या मालिकेत लोक बोलतात कमी आणि एकमेकांकडे बघतात जास्त. परवा ढोल वाजले, वीज कडाडली, आणि चार मिनिटं कुणी बोललंच नाही. आई जेवेना. कोण आलं, कोणत्या दाराने आलं, कुणाचं तोंड पडलं... मला घरी पोचायला आठ वाजतात, आणि साडेआठला भाग पुन्हा लागतो तोवर ती गोळ्या घेऊन झोपलेली असते. म्हणून मी इथून चित्र घेऊन जातो. आवाज तिच्याकडे असतोच. जेवताना दोन्ही जोडतो.”

तेव्हा मोबाइलवर नुसतं बोलता यायचं, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. पण तो हे असं सांगत होता, जणू नळाचं पाणी बाटलीत भरून न्यायचंय, सांडता कामा नये. चिमणीच्या काळजात काहीतरी हललं. आईसाठी औषध आणणारी मुलं तिने पुष्कळ पाहिली होती. आईसाठी जुळ्या बहिणीचं तोंड कसं पडलं ते टिपून नेणारा हा पहिलाच.

“उद्या... म्हणजे ह्याच वेळी...” तो म्हणाला, “तुम्ही ह्या रस्त्याने जाता?”

“रोज जाते,” चिमणी म्हणाली. हे खोटं होतं. तिचा नेहमीचा रस्ता बाजारातून जायचा. आज छत्री दुरुस्तीला टाकायची होती म्हणून ती इकडे वळली होती.

मग रोजच ती इकडून जायला लागली.

दुकानाच्या छपराखाली दोघांपुरती कोरडी जागा होती. तो आधीच येऊन रस्त्याकडच्या बाजूला उभा राहायचा, म्हणजे पागोळ्या त्याच्या खांद्यावर आणि कोरडी बाजू तिला. ती हसली की काचेवर वाफ धरायची. तो रुमाल काढून आधी तिच्यासमोरची काच पुसायचा, मग स्वतःसमोरची. आवाज येत नव्हता म्हणून चिमणी सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणायची — सासऱ्यांचा खर्ज, जुळीचा लाडिक हेल, वकिलाचं घसा खाकरणं.

“आई म्हणते, खऱ्यापेक्षा तुमचे संवाद बरे आहेत,” एकदा त्याने येऊन सांगितलं.

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी... नोंद घेतो.”

“नोंद! घ्या, घ्या. पण हसलात तेवढं लिहू नका. आई घाबरतील.”

तो पुन्हा हसला. हळूहळू त्याची वही खिशातच राहायला लागली. एका संध्याकाळी तर वकिलाने मृत्युपत्र बदललं तेव्हा तो इतक्या मोठ्याने “अहो, हा माणूस चोर आहे!” म्हणाला, की रस्त्यावरचे दोन जण खिसे चाचपायला लागले. दुकानदार बाहेर आला. तो रोजच यायचा आणि रोज तेच विचारायचा. “मग साहेब, कुठला देऊ बांधून?”

“बघतोय अजून,” डिस्टिल्ड म्हणायचा.

“बघा, बघा. महिना झाला बघताय.”

एकदा ब्रेकमध्ये त्याने तिला विचारलं, “तुम्हाला लाज नाही वाटत? म्हणजे... कुणी पाहिलं तर?”

“कसली लाज? चोरी करतेय का मी?” चिमणी म्हणाली. “दिवसभर पाण्यात न दिसणारे जंतू शोधायचे. संध्याकाळी मला वाईट माणसं अशी हवीत, की ती आली की आधी ढोल वाजतात.”

तिने हे हसत सांगितलं, पण त्यामागचं सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा शिकलेला, बोलायला गोड. आवड काय, असं त्याने विचारलं तेव्हा तिने मालिकांचं सांगितलं. तो समजूतदारपणे हसला आणि म्हणाला, “लग्नानंतर सुटेल ती सवय.” चिमणीने त्याच संध्याकाळी नकार कळवला. घरचे म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून? पण तिला माहीत होतं, ती गोष्ट एवढीशी नव्हती. आपल्याला जे आवडतं त्याची ज्याला लाज वाटते, त्याला एक ना एक दिवस आपलीही वाटणार. आणि आता काचेसमोर उभं राहून तिला ह्या माणसाची सवय लागली होती. सवय कसली... ती प्रेमात पडली होती, सरळच सांगायचं तर. रोज पावणेसातला तिच्या पायांना घाई सुटायची.

आणि मग ती संध्याकाळ आली.

भाग रंगात आला होता. तळघराचं दार उघडलं होतं, खरी सून उजेडात डोळे चोळत उभी होती, आणि डिस्टिल्डने नकळत चिमणीची बाही पकडली होती. मागून आवाज आला —

“अरे वा वा वा! डिस्टिल्ड, तुम्ही? आणि हे रडगाणं?”

कारकून होता. सोबत मोठे साहेब आणि टायपिस्टबाई. डिस्टिल्डने बाही अशी सोडली, जणू ती गरम होती.

“छे, छे,” तो म्हणाला. “मी असलं कुठे बघतो? टीव्ही घ्यायचाय, म्हणून... ह्यांना बघायचं होतं. ह्यांच्यासाठी थांबलो.”

सगळे चिमणीकडे बघून हसले. टायपिस्टबाई तर म्हणाल्या, “काय गं, ह्या वयात?”

“हो, मला बघायचं होतं,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. “चारशे एकवीस भाग बघितलेत. आजचा तर फारच छान आहे. जरा बाजूला व्हा, दिसत नाहीये.”

तिने भाग शेवटपर्यंत बघितला. मग छत्री उघडली आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. ह्या वेळी ढोल वाजले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशीपासून ती बाजारातल्या रस्त्याने जायला लागली. साडेआठला घरी भाग बघायची, वडील चष्मा शोधायचे, पण गोडी गेली होती. संवाद ऐकू येत होते आणि ते खरंच तिच्यापेक्षा वाईट होते.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलापाशी आला. आसपास कुणी नाही असं बघून म्हणाला, “माझं चुकलं.”

“चुकलंच.”

“मला एकदम... सुचलं नाही काही.”

“नाकारलंत चारचौघांत,” चिमणी कागदावरून नजर न काढता म्हणाली, “आणि माफी मागताय कुणी नाही असं बघून. ह्याला मी काय म्हणू?”

तो उभा राहिला. मग तिच्या टेबलावरून एक कोरा अहवालाचा कागद उचलला आणि गेला.

रोज दुपारी पाण्याचे अहवाल दारातल्या फलकावर लागायचे. दुसऱ्या दिवशी फलकापुढे ही गर्दी! चिमणी मागे उभी राहून टाचा उंचावत होती. कारकून मोठ्याने वाचत होता, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत चालला होता.

“नमुना — सात दारांचं घर, भाग चारशे तेवीस. रंग — मुख्यतः निळा. गंध — वकील आल्यावर संशयास्पद. गढूळपणा — भरपूर, पण तळ दिसतो. चव — लागते. एकदा लागली की सुटत नाही. निष्कर्ष — पाहण्यास योग्य.”

“पुढे वाचा,” कुणीतरी म्हणालं.

“शेरा — आईचा डोळा सव्वीस दिवसांपूर्वी बरा झाला. आता ती स्वतः बघते. त्यानंतरचे सगळे भाग मी स्वतःसाठी पाहिले. त्या संध्याकाळी मी खोटं बोललो. मालिका मला फार आवडते. आणि जिच्यासोबत पाहिली, ती मालिकेपेक्षा जास्त आवडते. तपासणारा...”

खाली त्याची सही होती. स्वच्छ, पूर्ण नावाची. शेजारची जागा रिकामी.

कुणी हसलं नाही. डिस्टिल्ड फलकाच्या बाजूलाच उभा होता, पळून न जाता, मानेपर्यंत लाल होऊन. तेवढ्यात मोठे साहेब आले, त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

“दुसऱ्या सहीशिवाय फलकावर कागद लागलाच कसा?”

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. चिमणीचे डोळे भरून आले होते, आणि तिला हसूही येत होतं. गर्दीतून वाट काढत ती फलकापाशी गेली. तिने कागद पुन्हा एकदा वाचला. दोन वर्षांत न वाचता सही तिने कधी केली नव्हती.

“एक चूक आहे,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. “कुठे?”

“सव्वीस दिवस काय लिहिलंय? मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर... तुम्ही म्हणाला असता, आता कशाला थांबायचं?”

“वेडे आहात,” चिमणी म्हणाली. “पेन आहे का?”

त्याने खिशाचं पेन काढून दिलं. तिने सही केली. त्याच्या सहीला जवळजवळ टेकूनच.

“आता लावा,” साहेब म्हणाले, आणि आत जाता जाता सहज विचारल्यासारखं कारकुनाला म्हणाले, “ती सून बाहेर आली का हो तळघरातून?”

“आली, साहेब,” कारकून म्हणाला आणि जीभ चावली.

संध्याकाळी पाऊस नव्हता. तरी दोघं छपराखालीच उभे राहिले, सवयीने. काचेआड अकरा टीव्हींवर जुळ्या बहिणी समोरासमोर आल्या होत्या. ब्रेक लागला तसा दुकानदार बाहेर आला.

“मग साहेब? आज तरी देऊ का एखादा बांधून?”

“द्या,” डिस्टिल्ड म्हणाला. “तो कोपऱ्यातला द्या. पण... घरी आईचा आहे, ह्यांच्याकडे वडिलांचा आहे. हा तिसरा कुठल्या घरी पोचवायचा, ते ह्यांना विचारून सांगतो.”

दुकानदार एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. चिमणीची चिवचिव बंद पडली होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. त्याने रुमाल काढला, तिच्यासमोरची काच पुसली आणि थांबला.

“घरी पोचायला आठ वाजले, तर सातचा भाग चुकतो,” ती हळूच म्हणाली. “घर असं बघ, की सातच्या आत पोचता येईल.”

तो चमकला. ‘बघा’ नव्हे, ‘बघ’ म्हणाली होती ती.

“बघतो,” तो म्हणाला. “उद्याच बघतो.”

“उद्या सातनंतर,” चिमणी म्हणाली. ब्रेक संपला होता. तिने पुढे बघत बघतच आपली बाही त्याच्या हाताजवळ नेली, आणि ह्या वेळी रस्त्याने कोण जातंय हे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.