तिसऱ्या रात्री झोपायचं कुठे?

"मास्तर! पोपट! लवकर या! आत्याच्या कपाटावरच्या सगळ्या चिठ्ठ्या गेल्या!"

भिंगरीची हाक ऐकून दोघे भाऊ हातातले पेले तसेच ठेवून धावले. खरंच की! आत्याच्या खोलीतलं लाकडी कपाट अगदी उघडंबोडकं दिसत होतं.

त्या चिठ्ठ्या साध्यासुध्या नव्हत्या. सुट्टीत सगळं घर युरोपला जाणार होतं. तिथे फिरायचं रेल्वेने, पाच शहरं, बारा रात्री, आणि तेही अगदी काटकसरीत! आत्याने पाचही शहरांच्या भाषांत 'नमस्कार', 'धन्यवाद' आणि 'बाथरूम कुठे आहे?' एवढं त्या चिठ्ठ्यांवर लिहून पाठ करायचं ठरवलं होतं. वर्षभर ती दूधवाल्याला रोज वेगळ्या भाषेत धन्यवाद म्हणत होती. बिचारा दूधवाला! एकदा तर त्याला वाटलं, दूध नासलं म्हणून ती रागावतेय.

"सापडल्या," पोपट म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि त्याचं तोंड दिवसभर चालू असायचं, पण आत्ता त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत होत्या, नीट घड्या घालून ठेवलेल्या.

"काल जेवताना ती म्हणाली ना, गुडघे दुखतात, मी काही येत नाही," मास्तर म्हणाला. तो तिघांत मोठा, तेरा वर्षांचा. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून तो मास्तर.

"गुडघे? आत्याचे?" भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अरे, ती तलावावर पोहायला शिकवते! काल सकाळी उंच फळीवरून तीनदा उडी मारून दाखवली तिने. नंतर जिनाही दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. मी मागे होते, मला धाप लागली!"

"म्हणजे आत्या थाप मारतेय?" पोपटाचे डोळे मोठे झाले. मोठी माणसं थापा मारतात हे त्याला ठाऊक होतं, पण आत्या त्यातली नव्हती.

तिघं आईकडे गेली. आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. आधी तिने 'मला काय माहीत' म्हणून पाहिलं, पण भिंगरीने वाटच अडवली.

"कुणाला सांगू नका," आई शेवटी म्हणाली. "परवा काकाने सगळ्यांच्या भाड्याची बेरीज केली. एका माणसाचं भाडं काही केल्या बसत नव्हतं. दार उघडं होतं, आत्याने ऐकलं असणार."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले गं. तर मला म्हणाली, मग काय पोरांपैकी एकाला मागे ठेवणार आहेस? मग मी गप्प बसले." आईने ओला टॉवेल उगाचच दुसऱ्यांदा झटकला.

तिघं जिन्यात येऊन बसली. आत्याशिवाय सहल म्हणजे काय सहल! नकाशा वाचायला तिनेच शिकवलं होतं. पाचही शहरांतल्या नद्या, पूल, मनोरे तिला पाठ होते.

"आकडे बघायला हवेत," मास्तर उठत म्हणाला. "एवढ्या मोठ्या बेतात कुठेतरी जास्तीचं काहीतरी असणारच!"

पण आकडे बघायचे म्हणजे दुकानात जायचं. आणि दुकानाची एक गंमत होती. दुकान एकच, पण मधोमध फरशीवर पिवळी रेघ. रेघेच्या डावीकडे बाबांचे चष्मे, उजवीकडे काकाची घड्याळदुरुस्ती. फार वर्षांपूर्वी बाबांनी मदत म्हणून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला तेल पाजलं आणि ते कायमचं बंद पडलं. काकाने मदत म्हणून एका आजोबांच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली आणि आजोबा दारावर आपटले. त्या दिवसापासून दोघा भावांचा नियम ठरला : तू तुझं बघ, मी माझं बघतो. प्रेम भरपूर, पण एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही! सहलीतही तेच. रेल्वे काकाकडे, हॉटेलं बाबांकडे.

दुकानात पोचल्यावर पोपट सरळ काकासमोर उभा राहिला. "काका, घड्याळ डाव्या हातावर बांधलं तर जास्त पळतं का रे?" पुढची दहा मिनिटं त्याने असले सतरा प्रश्न विचारले. काकाने भिंग डोळ्याला लावून सगळ्यांची उत्तरं दिली. तेवढ्यात मास्तरने काकाची वही उतरवून घेतली. रेघेपलीकडे भिंगरीने बाबांना चष्म्यांची काचपेटी पुसून दिली आणि पुसता पुसता त्यांच्या फायलीतलं सगळं टिपलं.

घरी आल्यावर मास्तरने दोरीला बारा चिमटे लावले. एक चिमटा म्हणजे एक रात्र.

"भिंगरी, हॉटेलं सांग."

"पहिल्या शहरात तीन रात्री, मग दोन, मग तीन, मग दोन, मग दोन."

मास्तरने चिमट्यांना निळे कागद लावले. बाराही चिमटे भरले.

"आता काकाच्या गाड्या. दिवसाच्या सोडून दे. रात्री झोपून जायच्या किती?"

"तूच लिहिल्यास की! दोन. तिसऱ्या रात्री एक, आठव्या रात्री एक."

"मग लाल कागद लावायचा कुठे?" मास्तरने विचारलं. चिमटा शिल्लकच नव्हता!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिसऱ्या रात्री आपण गाडीत झोपलोय," भिंगरी हळूच म्हणाली, "आणि हॉटेलातपण!"

"मी हॉटेलात झोपणार," पोपट म्हणाला, "तिथे नाश्ता असतो!"

"गाढवा, दोन रात्रींच्या तीन-तीन खोल्या उगाच घेतल्यात! तेवढ्यात आत्याचं भाडं आरामात निघेल!" भिंगरीने गिरकीच घेतली. पण टिपणाच्या खालची ओळ वाचून ती जागीच थांबली. "मास्तर, खोल्या रद्द करायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत आहे. नंतर पैसे परत नाहीत!"

दोनला बाबा आणि काका जेवायला घरी आले. त्या दिवशी दुकान अर्धा दिवसच होतं. मास्तरने सरळच विचारलं, "बाबा, काकाची वही एकदा बघता का?"

"त्याचं तो बघेल," बाबा म्हणाले.

"काका, बाबांची फाईल?"

"तुझ्या बाबांचं काम चोख असतं रे. आणि माझी वही मी चार वेळा तपासलीय. मिनिटाचीही चूक निघायची नाही!"

"पण काका, त्या रात्री जास्त..."

"माझ्या गाड्या बरोबर आहेत!" काकाने हात झटकला.

आणि त्या खरंच बरोबर होत्या. हॉटेलंही बरोबर होती. तीच तर पंचाईत होती!

"सांगून उपयोग नाही," मास्तर कुजबुजला. "दाखवावं लागेल."

चार वाजता भिंगरीने जाहीर केलं, "सहलीची रंगीत तालीम! सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत यायचं!" सहा खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, ती गाडी. सोफा आणि खाली पसरलेली गादी, ते हॉटेल. आत्या दारातूनच म्हणाली, "माझं काय काम? मी येत नाहीये." पण पोपटाने तिला ओढून आणलं. "तू स्टेशनवरची शिट्टी वाजवायची!"

मोठी माणसं आधी लाजली. मग काकाला चेव चढला. स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन त्याने पहिलं शहर पाहिलं, बाबांनी टेबलाला मनोरा समजून त्याचा फोटो काढला. पहिली रात्र झाली. सगळे गादीवर आडवे झाले. दुसरी रात्रही तशीच गेली.

"तिसरी रात्र!" मास्तर ओरडला. "काका, चला, सगळ्यांना घेऊन चला!"

"दहा वाजून पाच मिनिटांची गाडी!" काका रुबाबात म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला. आत्याने शिट्टी वाजवली.

बाबा मात्र सोफ्यावर उशी घेऊन निवांत पडले होते.

"अरे, चल ना! गाडी सुटली!" काका ओरडला.

"कुठली गाडी? तीन रात्रींच्या खोल्या घेतल्यात मी. झोप मुकाट्याने!"

"मी दोन महिन्यांपूर्वी बर्थ राखून ठेवलेत!"

"मी तीन महिन्यांपूर्वी खोल्या!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एक खुर्चीवर, एक सोफ्यावर. हळूहळू दोघांच्याही चेहऱ्यावर उजेड पडू लागला.

"आठव्या रात्रीपण असंच आहे," भिंगरी गोड आवाजात म्हणाली. "आणि सहाला फक्त पावणेदोन तास उरलेत!"

बाबा ताडकन उठले. फोन शोधताना त्यांना चष्मा सापडेना. तो डोक्यावरच होता, हे सांगायचंही कोणाला सुचलं नाही. पाच वाजेपर्यंत दोन्ही रात्रींच्या खोल्या रद्द झाल्या. काकाने कागदावर बेरीज केली, मग पहिल्यांदाच तो कागद बाबांपुढे सरकवला. "तूही बघ एकदा." बाबांनी बघितलं. आकडा बरोबर होता. आत्याचं भाडं निघून थोडे पैसे उरतही होते.

"ताई, तू येतेयस," काका म्हणाला.

"माझे गुडघे..." आत्याने सुरुवात केली, पण पोरांच्या चेहऱ्यांकडे बघून थांबली.

"खोटं का बोललीस गं?" बाबांनी विचारलं. "आम्हाला सांगायचंस तरी!"

"तुम्ही कुठे विचारलंत?" आत्या शांतपणे म्हणाली. "गुडघे दुखतात म्हटलं, तर दोघंही 'बरं' म्हणालात आणि भात वाढून घेतलात. ही पोरं मात्र सकाळपासून माझ्या गुडघ्यांच्या मागे लागलीत, ऐकलंय मी."

बाबा आणि काका दोघांनीही माना खाली घातल्या.

"चुकलं, ताई," बाबा शेवटी म्हणाले. मग त्यांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "आम्ही दोघं वर्षभर कागद तपासत बसलो. माणसाकडे तुम्ही तिघांनी बघितलंत. शाब्बास रे! मला तुमचा अभिमान वाटतो."

"आणि घड्याळ कुठल्याही हातावर सारखंच पळतं," काका पोपटाचे केस विस्कटत म्हणाला. "सतरा प्रश्नांचं कोडं आत्ता सुटलं मला, चोरांनो!"

सगळे हसले. आत्या हसता हसता डोळे पुसायला लागली. कुणासमोर रडणाऱ्यातली ती नव्हती, म्हणून पोरं गडबडली. भिंगरी तिला जाऊन बिलगली.

"मला जायचं होतं गं," आत्या म्हणाली. "फार फार जायचं होतं." मग तिने नाक ओढलं आणि ताठ बसली. "आता जायचंच आहे, तर ऐका. मला खिडकीची जागा हवी. प्रत्येक गाडीत!"

मास्तरने आपली जागा लगेच देऊन टाकली. भिंगरीनेही दिली. पोपट मात्र बराच वेळ विचार करत राहिला.

"माझीपण घे," तो म्हणाला. "पण बोगदा आला की मी बसणार. तसंही तेव्हा तुला काही दिसणार नाहीये."