नमुना क्रमांक चारची सकाळ

पेशवाईतले टपाल: वेग आणि विलंब.

शेवग्याच्या पानांतील लोह.

समईत वात आहे, तेल नाही! कॅन्टीनमधून गोडेतेल तरी आणा कुणीतरी!

एकटे वृद्ध आणि मोबाइल: खांदा कॉलनीतील पाहणी.

वाळलेल्या चिखलाचे बूट, इस्त्रीच्या पँटखाली.

मुंग्यांची परतीची वाट.

फलक एक कमी पडतोय!

ही शेवटची ओरड दिनानाथ सरांची. पनवेलच्या त्या कॉलेजात दरवर्षी सगळ्या विद्याशाखांची मिळून एकच परिषद भरायची. सर तिचे संयोजक, तेच संपादक, आणि वेळ पडली तर चहावाटपही त्यांच्याच गळ्यात. एकाच सभागृहात इतिहास, रसायन, मुंग्या, म्हातारे. ज्याने त्याने आपलं संशोधन मोठ्या कागदावर छापून फलकावर टाचायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगायचं. येणारे-जाणारे बहुतेक चहाकडे निघालेले असायचे.

वल्लरी आपल्या कागदाचा कोपरा दाबून धरत होती, तेवढ्यात फलकाच्या पलीकडून आवाज आला.

"ही मागची बाजू कुणाची आहे का?"

फलकाखालून फक्त बूट दिसत होते. चिखलाचे.

"नाही. पण पुढची माझी आहे. ढकलू नका."

"ढकलत नाहीये हो, जरा... टेकतोय."

आणि पलीकडून ठोकलेली टाचणी आरपार येऊन तिच्या बोटात घुसली.

"आई गं!"

"लागलं?" कडेवरून एक घाबरलेला चेहरा डोकावला. "सॉरी, सॉरी! दाखवा..."

"राहू दे. रसायनशास्त्रात टाचणी हळू मारायला शिकवत नाहीत वाटतं."

"रसायन कसं ओळखलंत?"

"शर्टाला भोकं आहेत. ॲसिडची ना?"

त्याने खाली पाहिलं आणि लाजला. मग तिच्या कागदावरचं शीर्षक मोठ्याने वाचलं. "माशांची नावे आणि नवरीची गाणी... म्हणजे तुमचेही मासेच?"

"तुम्ही काय करता माशांचं?"

"कापतो, वाटतो, आम्लात विरघळवतो. मग त्यात पारा किती ते मोजतो. तुम्ही?"

"मी त्यांना लग्नाला बोलावते."

तिने समजावून सांगितलं. खाडीकाठच्या लग्नांत बायका धवले गातात. एका धवल्यात माशांना आवतण जातं. बोय येते, निवटी येते, चिंबोरी मात्र तिरकी चालते म्हणून रुसून बसते. हे सारं ऐकताना तो दोनदा हसला, आणि दुसऱ्यांदा हसून झाल्यावरही तिच्याकडेच बघत राहिला.

"तुमच्या पद्धतीत शेवटी काय उरतं?" तिने विचारलं.

"आकडा. तुमच्या?"

"माणसाचं नाव."

त्याचं नाव इंद्रजीत होतं. खारघरच्या प्रयोगशाळेत त्याची पीएच.डी. चालू होती. दिवसभर एकाच फलकाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघं बोलत होते, एकमेकांचे फक्त पाय दिसत असताना...

*

मुंग्यांची परतीची वाट.

खाडीकाठच्या पाणखार गावाला त्याला वल्लरीनेच नेलं. त्याला वेगवेगळ्या खाड्यांतले मासे हवे होते, आणि तिथल्या गुणाबाईंची गाणी ती वर्षभर टिपून घेत होती. थंडीची सकाळ होती. ओहोटी लागलेली, चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, आणि सगळ्या हवेला खाऱ्या गवताचा वास. इंद्रजीत गुडघाभर चिखलात रुतला. वल्लरीने हात दिला. तो वर आला, हात मात्र तिथेच राहिला.

बांधावर गुणाबाई टोपली घेऊन उभ्या होत्या.

"काय गो बाय, ह्यो कोन?"

"मित्र आहे, मावशी. मासे तपासतो."

"मासली तपासतो का तुला?"

वल्लरीचे कान तापले. इंद्रजीत पैसे काढायला लागला तर गुणाबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "जावयाकडशी पैसं घेत नाय आमी. घे, ताजी बोय हाय."

त्याने पिशवीवर पेनाने लिहिलं: नमुना क्र. ४.

"आनि तुज्या कागदात माजं नाव येल ना गो?"

"येणार, मावशी. पूर्ण नाव, गावासकट."

"आनि ह्याच्या?"

"माझ्या कागदात कुणाचंच नाव येत नाही," इंद्रजीत म्हणाला. "नुसते क्रमांक."

"असला कसला रं कागद!" गुणाबाई हसल्या. मग सुनेला, भामाला, हाक मारून त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. भामाला नुकतेच दिवस गेले होते. तिने चहाबरोबर तळलेली बोयही पुढे केली, आणि गुणाबाईंनी चुलीपाशी बसून आवतणाचा अख्खा धवला म्हटला. "तुमच्या लग्नातपन मीच म्हननार. चिंबोरीच्या जागी ह्याचं नाव घालीन. त्योपन तिरकाच चालतो चिखलात!"

परतताना वल्लरी त्याला म्हणाली, "आमच्यात नाव न लिहिणं म्हणजे चोरी."

"आमच्यात नाव लिहिणं म्हणजे दगा. त्या माणसाला उद्या त्रास झाला तर?"

"मग लग्न कसं जमणार आपलं..." ती बोलून गेली आणि जीभ चावली.

"जमेल की. फलक एक, बाजू दोन."

त्यानंतर 'नमुना चार' हा त्यांचा परवलीचा शब्द झाला. रुसवा असला की तो फोनवर नुसतं म्हणायचा, "ए, नमुना चार..." आणि तिला तो चिखल, तो हात, सगळं आठवायचं.

*

एकटे वृद्ध आणि मोबाइल: खांदा कॉलनीतील पाहणी.

परिषदेचं पुस्तक निघणार होतं. दोघं मिळून दिनानाथ सरांकडे गेले आणि आमचे लेख लागोपाठ छापा म्हणाले. सर मिश्कील हसले. "विषयाचा संबंध आहे म्हणून, की..."

"विषयाचाच, सर," दोघं एकदम म्हणाले.

पुस्तक आलं तेव्हा वल्लरीने आधी इंद्रजीतच्या लेखातले आभार वाचले. 'वाट दाखवणाऱ्या सहकारी संशोधिकेचे' असं त्यात होतं. ते वाचून ती दिवसभर हवेत होती. पुढचे तक्ते तिने उलटले, वाचले नाहीत. त्याने तिच्या लेखातली तळटीप वाचली आणि पानाचं चुंबन घेतलं. त्या तळटिपेत लिहिलं होतं: 'हा धवला पाणखारच्या गुणाबाईंनी आपल्या घरी, नमुना क्रमांक चार गोळा केला त्या सकाळी म्हटला.'

त्याच्या तक्त्यात, एकच पान मागे, छापलं होतं: 'नमुना क्र. ४. पाऱ्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या बरेच वर. अधिक अभ्यासाची गरज.'

कॉलनीतल्या कुणीतरी निवृत्त माणसाने दोन्ही पानं शेजारी ठेवून फोटो काढला. कुणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नव्हतं. त्याने फक्त सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की, 'पाणखारचा मासा घेऊ नये. कृपया पुढे पाठवा.'

लोकांनी पाठवलं.

पारा आला कुठून, कुणी सोडला, हे दोन्ही लेखांत नव्हतं. तो दोघांच्याही अभ्यासाचा विषय नव्हता.

*

शेवग्याच्या पानांतील लोह.

वल्लरी पाणखारला पोचली तेव्हा भरल्या टोपल्या बाजारातून तशाच परत आल्या होत्या. बायका तिच्याकडे बघून आत गेल्या. गुणाबाई ओट्यावर बसून होत्या. त्यांनी 'बस' म्हटलं नाही.

"मावशी, तुम्हीच म्हणाला होतात, नाव घाल..."

"गान्याला नाव घाल म्हनली. मासलीला नाय."

वल्लरी ओट्याच्या पायरीशीच उभी राहिली.

"सारा गाव मला बोलतो. बोलू दे. मला एक सांग. पारा हाय, ह्ये त्याला कदी कललं?"

"माहीत नाही..."

"इचार. आमची भामा पोटुशी. रोज तीच मासली खाते. आता डॉक्टर म्हनतो, बंद कर, शेवग्याचा पाला खा." त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात भामा पोटावर हात ठेवून उभी होती. "येकदा नुसता तोंड उघडायचा ना त्यानं. जावय म्हनून बसवला व्हता."

*

पेशवाईतले टपाल: वेग आणि विलंब.

वडाळे तलावाच्या काठी इंद्रजीत आधीच येऊन बसला होता.

"कधी कळलं तुला?"

"वल्लरी, ऐक ना..."

"कधी?"

"होळीच्या सुमारास." आता गणपती जवळ आले होते. "एकाच हंगामाचा आकडा होता गं. चुकीचा निघाला असता तर? अख्ख्या गावाचं पोट आहे त्यावर. म्हणून तर नाव लिहिलं नाही मी! नाव तू लिहिलंस."

"हो. मी लिहिलं. तू लिहिलं नाहीस, सांगितलंही नाहीस. भामा रोज खात होती."

"भामा... मला नावही माहीत नव्हतं तिचं."

"तिच्या हातचा चहा प्यायलास तू."

पाण्यावर कुणीतरी पावाचे तुकडे टाकत होतं, आणि मासे वर येऊन ते खात होते. दोघंही तिकडे बघत राहिले.

"मला का नाही सांगितलंस? निदान मला?"

"तू त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतंस."

"मग?"

पण दोष तिचाही होता. नमुना चार... तो लाडका शब्द तिनेच तर मिरवायला तळटिपेत नेऊन ठेवला होता.

"चुकलो आपण," तो हळूच म्हणाला. "दोघंही. पण म्हणून... लग्न कर माझ्याशी, वल्लरी. हे असं विचारायचं नव्हतं मला. कसं विचारायचं ते ठरवलं होतं, पाणखारच्या बांधावर..."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. शर्टाच्या बाहीवर नवीन भोक पडलं होतं. त्यातून बोट घालून त्याला चिडवावं असं अजूनही तिला वाटलं, आणि त्याचाच राग आला.

"आणि धवला कोण म्हणेल?"

त्याने हात पुढे केला — चिखलात तिने केला होता तसा. तिने तो धरला, थोडा वेळ. मग सोडला.

*

भामाला मुलगी झाली. बाळ ठीक आहे का, हे कळायला काही वर्षं जावी लागतील असं डॉक्टर म्हणाले. इंद्रजीत अजून दर ओहोटीला पाणखारला जातो. आता तो आकडा आधी गावात सांगतो. गुणाबाई ऐकून घेतात, चहा विचारत नाहीत. वल्लरीने गाण्यांचं काम सोडलेलं नाही. आवतणाचा धवला तेवढा कुणी तिला म्हणून दाखवत नाही.

पुढच्या परिषदेला दोघंही होते, सभागृहाच्या दोन टोकांना. चहाच्या रांगेत गाठ पडली.

"बोट बरं आहे?" त्याने विचारलं.

"कधीच बरं झालं," ती म्हणाली आणि साखर न घालताच कप उचलून निघाली.

त्या पहिल्या वर्षी, सर फलक कमी पडतोय म्हणून ओरडत होते तेव्हा, एक जादा फलक जिन्याखाली उभा करून ठेवलेला होता, आणि इंद्रजीतने तो सकाळी आल्याआल्याच पाहिला होता.