असभ्य प्रश्न

"हे कोणी फेकलं?"

धम्मशीलानं हेडफोन गळ्यात ओढला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. चिखली रोडवर, खता-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर, आठ-दहा पोरं-पोरी कानात परदेशी आवाज कोंबून बसली होती. कोणी मान वर केली नाही. खिडकीतून धुकं मात्र बिनधास्त आत शिरत होतं. बुलढाण्याचं धुकं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

"ओहायोच्या बाईचा प्रश्न 'असभ्य'मध्ये कोणी टाकला, मी विचारून राह्यली!"

कोपऱ्यातल्या टेबलावरून एक हात वर झाला. शाळेत हजेरीला करतात तसा. हाताखाली एक सावळा, उंच पोरगा होता. गालावर खळी, शर्टाच्या बाहीवर चिखलाचे शिंतोडे.

"मी टाकला, मॅडम. तिनं शिवी देली."

"कोणाले?"

"उमेदवाराले."

"मंग बरोबर माणसाले देली ना!"

खोली हसली. पोरगाही हसला... आणि त्या खळीकडे आपण जरा जास्तच वेळ बघतोय, हे धम्मशीलाच्या ध्यानात आलं. तिला स्वतःचाच राग आला.

काम असं होतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार टीव्हीवर समोरासमोर उभे राहून वाद घालणार होते. त्याआधी तिथल्या मतदारांनी आपापले प्रश्न फोनवर बोलून पाठवले होते. ते आवाज कोण्या कंपनीकडे गेले, कंपनीकडून पुण्याला आणि पुण्याहून शेखरकडे. शेखरनं ही माडी भाड्यानं घेतली होती. पोरांनी प्रश्न ऐकायचा आणि योग्य कप्प्यात टाकायचा – महागाई, दवाखाना, सीमा, शेती. शिवी आली की 'असभ्य'. असभ्य कप्पा पुढं जातच नसे. पोरांचं काम तपासायला धम्मशीला होती. इंग्रजीत एम.ए., जिभेवर धार, आणि जिल्ह्यात दुसरी नोकरी नाही.

अमेरिकेच्या मतदाराला काय विचारायचंय ते ऐकायला बुलढाण्यात माणसं बसवली होती. बुलढाण्याच्या मतदाराला काय विचारायचंय ते ऐकायला कोणी कुठंच बसलं नव्हतं. नळाला पाणी कधी येणार, हा प्रश्न कोणत्या कप्प्यात टाकायचा?

"ऐक," तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. "ती बाई म्हणते, मी माझ्या म्हाताऱ्या आईची गोळी अर्धी तोडून तिले देते, अर्धी उद्यासाठी ठेवते. तुम्ही टीव्हीवर गोड बोलून घरी जाल. माझ्या आईले अख्खी गोळी कधी भेटन, ते सांगा. हे असभ्य आहे?"

तो ऐकत होता. खळी हळूहळू विझली.

"मी शिवीपाशीच बंद केलं होतं," तो म्हणाला.

"लोक शिवीपाशीच बंद करतात. प्रश्न शिवीच्या मागं असते."

"शिवी काढून 'दवाखान्या'त ठेवतो मंग." त्यानं वर पाहिलं. "माझं नाव प्रज्वल. देऊळघाटचा. तुमचं?"

"तुले माहीत आहे."

"हाव. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

...तिनं सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी जाताना तिनं छत्री उघडलीच नाही, आणि भिजल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग चहा सुरू झाला. खाली टपरीवर, भुरभुर पावसात, एका छत्रीत दोघं – म्हणजे छत्री तिच्या डोक्यावर आणि तो अर्धा बाहेर. तिथंच त्यांचा खेळ जमला. ती मतदार, तो उमेदवार.

"उमेदवार साहेब, चहात अद्रक टाकू का गवती चहा?"

प्रज्वलनं घसा खाकरला, नसलेला टाय नीट केला. "आपण अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारला. मी एका कष्टकरी घरातून आलो आहे. माझ्या आईनं मेथीच्या जुड्या बांधत मला वाढवलं..."

"अद्रक का गवती?"

"...आणि प्रत्येक नागरिकाला आपल्या पसंतीचा चहा मिळाला पाहिजे, यावर माझा ठाम विश्वास आहे."

"अबे, अद्रक का गवती?"

"मागच्या सरकारनं अद्रकाची काय हालत करून ठेवली, ते आधी पाहा!"

टपरीवाला प्रेमानंद हसून हसून चहा सांडायचा. धम्मशीला हसायची, आणि हसताना तिचा हात प्रज्वलच्या ओल्या बाहीवर जायचा... आणि पटकन मागं यायचा.

"एक प्रश्न माझा," तो एकदा हळूच म्हणाला. "मी... आवडतो का तुले?"

"उमेदवारानं मतदाराले विचारायचं नसते," ती म्हणाली. "मतदान गुप्त असते."

पण कान गरम झाले होते. त्या रात्री तिनं घासलेला पेला पुन्हा घासला. जेवताना वडिलांनी – सहदेवनं, एसटी डेपोत मेकॅनिक असलेल्या त्या कमी बोलणाऱ्या माणसानं – विचारलं, "काय झालं वं?" ती म्हणाली, "काही नाही, आबा. काम लय आहे." आणि ताटावरून उठली. चैन म्हणून पडत नव्हती.

वादाची तारीख जवळ आली, तशा महालक्ष्म्याही – म्हणजे गौरी – आल्या. देऊळघाटला प्रज्वलच्या घरी महालक्ष्म्यांचं मोठं जेवण असे. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या – त्यातल्या निम्म्या घरच्याच वावरातल्या. अर्धं गाव जेवून जाई. दोन दिवस आधी तो खोलीच्या मध्यभागी उभा राहिला आणि म्हणाला, "सगळ्यांनी यायचं! शेखरभाऊ, तुम्ही बी."

मग तो तिच्या टेबलापाशी आला. आवाज खाली गेला. "तू... पुढच्या वर्षी ये ना. यंदा लय गर्दी राहते."

धम्मशीलानं हेडफोन काढला. "गर्दी कोणाची?"

"पाहुण्यांची..."

"दहा जणं चालले. त्यांच्यानं गर्दी नाही होत. माझ्या एकटीनं होते?"

"तसं नाही. म्हणजे बाबा थोडे जुन्या वळणाचे... योग्य वेळ आली की मी..."

"प्रज्वल. मी बौद्धाची पोरगी आहे म्हणून का?"

"हा प्रश्न एवढा साधा नाही, धम्मा."

"साधाच आहे. हो का नाही."

त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्यालाही राग आला. "तू तुह्या घरी सांगतलं काय? आबाले माहीत आहे, तू कोणाच्या छत्रीत उभी राहते?"

तिनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं – आबाची तब्येत, योग्य वेळ, थोडं थांबून... आपल्याच तोंडात त्याचीच वाक्यं. तिनं ती गिळली आणि हेडफोन परत चढवला. कानात टेक्सासचा कोणी म्हातारा बरळत होता. तिला एक अक्षर कळलं नाही.

वादाच्या दिवशी सगळे सकाळीच माडीवर जमले. तिथं रात्र, इथं उजाडलेलं. शेखरनं भिंतीवर पडदा लावला होता. आपण ऐकलेला एखादा तरी प्रश्न विचारतील, म्हणून पोरं लग्नाच्या वऱ्हाडासारखी नटून आली होती.

माडीवर ऐकलेल्या प्रश्नांतला एकही ओळखू आला नाही. जे विचारले गेले, त्यांचीही उत्तरं आली नाहीत. विचारलं एक की उमेदवार बोलायचे दुसरं. आईचं नाव, कष्टकरी घर, मागचं सरकार, ठाम विश्वास... पोरं आधी हसली, मग कंटाळली. धम्मशीला पडद्याकडे बघतच नव्हती. ती प्रज्वलकडे बघत होती. त्याचा चेहरा पडत चालला होता. आरशात पाहणाऱ्या माणसाचा पडावा तसा.

तो मध्येच उठला. तिच्यापाशी आला. सगळ्यांसमोर.

"चल."

"कुठं?"

"घरी. आज जेवण आहे."

"सांगतलं?"

"नाही. तू सोबत आली की तिथंच सांगतो."

"नाही येणार." तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मले दारात उभी करून तू तुह्या बापाचं तोंड बंद करशील? मी काय तुही ढाल आहे? आधी तू जा. एकटा सांग. मंग मले बोलाव... नाहीतर नको बोलावू."

तो जिना उतरला. खाली गाडीची किक दोनदा फसली, तिसऱ्यांदा लागली.

धम्मशीलाही थांबली नाही. ती तडक डेपोत गेली. सहदेव एका बसखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. पायांना सांगणं सोपं होतं.

"आबा, एक पोरगा आहे. देऊळघाटचा. प्रज्वल नाव. आपल्यातला नाही."

पाना लोखंडावर आपटायचा थांबला.

"त्यानं बोलावलं तर मी आज त्याच्या घरी जेवाले जाणार आहे. महालक्ष्म्यांचं जेवण आहे."

सहदेव सरपटत बाहेर आला. हात काळे, कपाळावर ऑईल. ज्या घरात गौरी-गणपतीला न मानण्याची प्रतिज्ञा बापानं, आज्यानं घेतलेली, त्या घरातली पोरगी ही.

"हात जोडशील त्यांच्यासमोर?"

"नाही."

"अन् ते म्हणले, जोड?"

"तर उठून येईन."

त्यानं चिंधीला हात पुसले. पुसतच राहिला. "मले पटलं नाही," तो म्हणाला. "पण तू मले सांगतलं." आणि थोड्या वेळानं, "उपाशी येऊ नको. तिथं नाही जमलं, तर घरी भाकर आहे."

दुपार सरत नव्हती. ती स्टँडवर गेली, परत आली, पुन्हा गेली. फोन हातात घामेजला होता. वाजला तेव्हा पलीकडं बाईचा आवाज होता – मागं भांड्यांचा कल्ला.

"धम्मशीला बोलते काय वं? मी प्रज्वलची माय. तू लक्ष्म्यांच्या पाया नाही पडत म्हणे?"

"नाही पडत, काकू."

"का बरं?"

"आमच्यात नाही पडत. खोटं खोटं पडणं मले जमणार नाही."

पलीकडं पळीचा आवाज. "अन् जेवते तरी का?"

"पोटभर."

"मंग ये. इकडं लय तमाशा झाला. मले बी तुले लय काही विचारायचं आहे, ते तोंडावर विचारीन. फोनवर नाही."

ऑटोत सहा जणांच्या गर्दीत ती बसली. पाऊस थांबला होता, डांबर चमकत होतं. देऊळघाटच्या फाट्यावर ती उतरली, तर तो उभाच. पानटपरीसमोर, अर्ध्या गावाच्या डोळ्यांदेखत. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"बाबा?" तिनं विचारलं.

"नाही म्हणले."

ती 'पण'ची वाट बघत राहिली. 'हळूहळू'ची, 'योग्य वेळे'ची... काहीच आलं नाही.

"ताट सारून वावरात निघून गेले," तो म्हणाला. "चुलतेही उठले."

"अन् तू?"

"मी म्हणलो, लग्न तिच्याशीच करीन. तिनं हो म्हणलं तर."

पानटपरीवरची कुजबुज थांबली. धम्मशीलाला वाटलं, आपलं काळीज इथून बुलढाण्यापर्यंत ऐकू जात असेल.

"हो," ती म्हणाली.

त्यानं हात पुढं केला. तिनं धरला – भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर. त्यानं बोटं घट्ट आवळली.

"भेव वाटते काय?"

"हाव," तो म्हणाला. लगेच, एका दमात.

"मले बी," ती म्हणाली, आणि दोघं घराकडं चालू लागले.